आंबेमोहर सावलीत वाळवायचा

ती सावलीत म्हणाली होती आणि मी उन्हात सांगितलं. एवढीच गोष्ट आहे. आजवर ती मी कुणाला सांगितलेली नाही, आणि जिला आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच.

तेव्हा दोह्यात आम्ही अल अझीझियाला राहत होतो, अजूनही तिथेच राहतो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला काही वर्षं बाकी होती आणि गावभर क्रेन उभ्या होत्या. मी एका स्टेडियमच्या कूलिंगच्या कामावर होतो. छताखाली, खुर्च्यांच्या पायाशी गार हवा कशी पोचवायची, हा माझा विषय. आमच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला खाली, त्याच प्रोजेक्टवरचा एक जपानी इंजिनिअर राहायचा. छताच्या स्टीलचं काम त्याच्याकडे. माझ्यापेक्षा थोडा लहान, एकटाच. साइटवर आम्ही ड्रॉइंगपुरतं बोलायचो. मला तेवढं पुरायचं. मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे, घरी तर आणखी कमी.

श्रावणातली गोष्ट. बायकोने पातोळे केले होते. ती मालवणकडची. गॅलरीत तिने कुंड्यांमध्ये हळद लावली होती, ती केवळ पानांसाठी. ऊन सोसत नाही म्हणून त्या कुंड्यांवर तिने जुनी साडी बांधलेली असायची. तांदळाची उकड पानावर ओल्या बोटांनी पातळ थापायची, मध्ये गूळ-खोबरं घालायचं, पान मिटायचं आणि वाफवायचं. पान सोलताना जो वास सुटतो, तो आमच्या मजल्यावर लिफ्टपर्यंत जायचा.

मी ऑफिसातून आलो तेव्हा तो जपानी आमच्या दाराबाहेर उभा होता. बेल वाजवलेली नव्हती. नुसता उभा. मला बघून इतका ओशाळला की दोन पावलं मागे सरकला.

"माफ करा," तो म्हणाला. "हा वास. हा आमच्या बेटाचा वास आहे."

त्याला आत बोलावणं भाग होतं.

त्याचं बेट जपानच्या पार दक्षिणेला, नकाशात ठिपक्याएवढं. तिथे थंडीच्या दिवसांत एका सणाला मुलांसाठी एक गोड पदार्थ करायचे. तांदळाचं पीठ, काळी साखर, आणि आल्याच्या जातीच्या एका झाडाचं लांब सुगंधी पान. पदार्थाच्या नावाचा अर्थ त्याने सांगितला तो 'पानात निजलेलं' असा काहीसा होता. बेटाबाहेर ते नाव कुणाला माहीत नाही. करून विकणारं दुकान एकच होतं, त्याच्या आईचं. तिचे हात थकले आणि दुकान बंद झालं. माप तिने कधी सांगितलं नाही, कारण तिला ते सांगता येत नव्हतं, हाताला कळायचं. आता गावातल्या बायकांना तो सण पुन्हा धरायचा होता, पण कुणाचंच पीठ जमत नव्हतं. आईला करता येत नसलं तरी जीभ शाबूत होती. समोर ठेवलं तर हेच ते, किंवा हे नव्हे, एवढं ती सांगू शकली असती.

हे सगळं तो मोडक्या इंग्रजीत मला सांगत होता आणि मी मराठीत बायकोला. तिला इंग्रजी जेमतेम समजायचं, त्याचे उच्चार तर नाहीच, आणि बोलायला धीर व्हायचा नाही. तिने त्याच्या बशीत पातोळा वाढला. त्याने पान उघडलं, नखाएवढा तुकडा तोंडात ठेवला आणि पान नाकाशी धरून वास घेतला.

"जवळ आहे," शेवटी म्हणाला. "पान भाऊ आहे. पीठ कोण आहे?"

बायको हसली. पीठ कोण आहे, असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत मीही नाही. मी खायचो, छान झालंय म्हणायचो, हात धुवायचो.

"त्यांना विचारा," ती मला म्हणाली, "त्यांच्याकडचा तांदूळ चिकट असतो ना? आता विकतचं पीठ आणतात तेही चिकटच असणार. पण आईच्या वेळी कुठला होता?"

विचारलं. बेटावर पूर्वी स्वतःचं भात होतं. बुटकं, वासाचं, न चिकटणारं. ते कधीच गेलं.

"मग त्यांना आंबेमोहर लागेल," ती म्हणाली. सहज, डॉक्टरने गोळीचं नाव सांगावं तसं.

तेव्हापासून दर शुक्रवारी तो वर यायला लागला. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायचा, टोकं बाहेरच्या बाजूला. ओट्याशी तो आणि ती, आणि मी मध्ये स्टुलावर. ती काय म्हणते ते त्याला सांगायचं, तो काय म्हणतो ते तिला. माझ्या कामातल्या डक्टसारखं. इकडून हवा आली, तिकडे गेली, पत्र्याला त्यातलं काही राहत नाही. सुरुवातीला त्यात मला मजाही वाटली असेल. खोटं कशाला बोलू, मला महत्त्व आलं होतं.

ती माझ्याशी बोलताना त्याला भाऊजी म्हणायची. एकदा त्याने कान टवकारले. भाऊजी म्हणजे काय? मी सांगितलं, नवऱ्याचा भाऊ. त्याने हातातला चमचा खाली ठेवला, माझ्याकडे वळला.

"मग तुम्ही माझे काय?"

"दादा," बायकोने परस्पर सांगून टाकलं.

तेव्हापासून साइटवरसुद्धा, दहा माणसांसमोर, तो मला दादा म्हणायचा. आमच्यातली केरळची मुलं हसायची. मी मान हलवायचो.

मग एका शुक्रवारी मी फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेलो आणि परत आलो तर बोलणं चालूच होतं. माझ्यावाचून. मी दारातच थांबलो.

ती मालवणीत बोलत होती.

"असा नको रे, असा. हळू. फाटतला ता." तिने त्याचं बोट पानावरून उचलून पुन्हा ठेवलं. "हां. आता झाकण काढू नको, वाफ जातली."

आणि तो त्याच्या बेटाच्या बोलीत काहीतरी म्हणत होता. नेहमीची जपानी मी साइटवर ऐकली होती, ही ती नव्हती. हिला हेल होता, गाण्यासारखा. ती हसत होती. त्याला तिचं अक्षर कळत नव्हतं आणि तिला त्याचं. तरी वेळ झाल्यावर तिने नुसतं "खलास" म्हटलं आणि त्याने गॅस बंद केला.

ज्याला हे वाचून त्यात काय एवढं असं वाटेल, त्याला मला थोडं मागचं सांगावं लागेल. आमचं घर पुण्याचं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात जेवताना आमटी वाढणाऱ्या हाताला ती पटकन "माका नको" म्हणाली. टेबलावरचे सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. मीही हसलो. त्यानंतर ती मालवणी माझ्यासमोर कधी बोलली नाही. फोनवर आईशी बोलायची ते आतल्या खोलीत, दार लोटून. मला ती अहो म्हणते, शुद्ध बोलते, जपून बोलते. मला वाटायचं, विसरली असेल.

आणि इथे ती त्याला रे म्हणत होती.

कुणाला वाटेल मला भलताच संशय आला. तसलं काही नव्हतं, एक क्षणभरही नाही. तसलं काही असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. ती त्याच्याशी ज्या आवाजात बोलत होती तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, आणि तो माझ्या घरात होता, माझ्याच ओट्याशी, इतकी वर्षं. त्या आवाजाचा मला हेवा वाटला, की तो ज्याला मिळाला त्याचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मी आत जाऊन म्हटलं, "काय म्हणत होतीस त्यांना? सांगतो मी."

"काही नाही हो. कळलं त्यांना."

त्या दिवशी तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "तुझा शिष्य हुशार आहे."

"तुम्हीही शिका की. स्टूल सोडा जरा."

"मला कोण भाऊजी म्हणणार आहे."

ती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं मी विनोद केला. माझे विनोद असेच असतात, त्यामुळे तिची चूक नाही.

त्याची सुट्टी ठरली. घरी जाऊन आईसमोर करून दाखवायचं, गावातल्या बायकाही जमणार होत्या. पीठ इथूनच न्यायचं, कारण हा तांदूळ तिकडे मिळणार नव्हता. आमच्याकडे एका डब्यात आंबेमोहर होता. तिच्या माहेरून आलेला, नवा, गणपतीच्या मोदकांसाठी राखलेला. त्यातली मूठ ती मलाही भातासाठी काढू द्यायची नाही. तो सगळा डबा तिने त्याला देऊन टाकला.

"अगं, गणपती?"

"गणपतीला दुकानातली पिठी आणू. त्यांची आई एकदाच खाणार आहे."

नेमक्या त्याच आठवड्यात तिला आजीकडे राहणाऱ्या आमच्या मुलीच्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनसाठी पुण्याला जावं लागलं. तांदूळ धुवायचा, वाळवायचा आणि एशियन टाउनमधल्या एका दुकानात दळून मिळतो तिथे दळायचा, हे त्याने करायचं ठरलं. विमानतळावर आत जाताना ती माझ्याशी तेवढंच बोलली. माझ्या गोळ्या कुठे आहेत, गॅसचं काय, काही नाही.

"त्यांना नीट सांगा हं. तांदूळ सावलीत वाळवायचा. घरात पंख्याखाली चालेल. इथलं ऊन तर मुळीच नको, दाणा तडकतो, मग उकडीला चिरा जातात. सावलीत." तिने हाताचा पंजा डोक्यावर छपरासारखा धरून दाखवला. "सांगाल ना?"

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी साइटवर तो मला शोधत आला. हेल्मेट काढून, काखेत धरून उभा राहिला. "दादा, तांदूळ धुतला. कुठे वाळवू? वहिनी काय म्हणाल्या?"

वहिनी हा शब्द त्याने कुठून उचलला कोण जाणे. मी शिकवला नव्हता.

मी म्हणालो, "गच्चीवर."

"उन्हात?"

"उन्हात. इथे दुसरं आहे काय."

तो हसला. मीही हसलो. मी ठरवून म्हणालो का? ठरवायला वेळ नव्हता. पण मागे घ्यायला वेळ होता, भरपूर होता, आणि तोच मला पुरून उरला आहे. त्या दुपारी मी त्याच्याबरोबर गच्चीवर गेलो. त्याने पांढरी चादर अंथरली. दाणे पसरताना तो एकेक ढीग बोटांनी मोडत होता, ती ज्या हलक्या हाताने मोडते तसा. वारा चादरीचं टोक उडवत होता म्हणून मी कडेला विटा ठेवल्या. चारी कोपऱ्यांना. ऊन असं होतं की पाण्याच्या टाकीला हात लावता येत नव्हता. दिवसभर मी माणसांसाठी सावली आणि गारवा मोजत होतो, आणि इथे उभं राहून म्हणालो, "छान, लवकर होईल."

शुक्रवारी त्याला गाडीतून एशियन टाउनला मीच नेलं. दळणाऱ्या माणसाने पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "बहुत सूखा है." जपानी माझ्याकडे बघायला लागला, काय म्हणतो? मी म्हटलं, चांगलं वाळलंय म्हणतो.

तो सुट्टीवर गेला आणि परत आला. तोवर बायकोही आली होती. परतल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी तो वर आला तो कोट घालून. दोह्यात, त्या दिवसांत. हातात बेटाच्या काळ्या साखरेची पुडी होती. बसला नाही. बायकोसमोर उभा राहिला आणि कमरेत वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

मग मला म्हणाला, "दादा, कृपा करून त्यांना सांगा. मी त्यांचा तांदूळ वाया घालवला. उकड थापताना फाटली. मी पुन्हा पुन्हा केली. साखर बाहेर आली. आईने तरी खाल्लं. म्हणाली, चांगलं आहे, पण हे ते नव्हे. बायका घरी गेल्या. त्या आता कारखान्याचं पीठ वापरणार आहेत. वहिनींनी इतकं शिकवलं आणि माझा हात नालायक निघाला. मला क्षमा करावी."

मी तिला सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. हात नालायक निघाला, हेही.

तिचा चेहरा उतरला. "नाही नाही, त्यांना सांगा, त्यांचा हात चांगला आहे. माझंच काहीतरी चुकलं असणार. पाण्याचं माप मी नीट दाखवलं नसेल. आईला किती वाईट वाटलं असेल. त्यांना सांगा, माझी चूक आहे, माफ करा."

मी त्याला सांगितलं.

तो पुन्हा वाकला. ती हात जोडून उभी. दोघं एकमेकांची माफी मागत होते आणि दोन्ही माफ्या माझ्या तोंडून जात होत्या. मधेच आपली एक घालावी, इतकी जागा दोघांच्या वाक्यांमध्ये होती.

मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगितलं होतंत ना हो? सावलीत?" आणि बोलता बोलता सवयीने तिचा पंजा डोक्यावर गेला, छपरासारखा.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्याने तो पंजा पाहिला. शब्द त्याला कळला नसेल, पण पंजा कळला. तो तिच्या हाताकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी स्टुलावर बसलो होतो. छताचं काम करणारा माणूस तो. सावली कशाला म्हणतात हे त्याला मी सांगायला नको होतं.

बायकोने त्याला थेट विचारलं. तशीच, पंजा धरून. "सावलीत? वाळवलात ना?"

"हो," तो म्हणाला. मराठीत. आणि मान खाली घातली.

त्याने मला वाचवलं. मी त्याचा दादा होतो ना.

त्यानंतर तो कधीमधी यायचा, पण चहापुरता. ओट्याकडे जायचा नाही. त्याचं छत उभं राहिलं तसा तो गेला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. शुक्रवारचं स्वयंपाकघर शांत झालं. मालवणी पुन्हा दाराआड गेली. बायको माझ्याशी पूर्वीसारखीच बोलत होती, शुद्ध, जपून. फक्त तिने उकड करणं सोडलं. पहिल्या गणपतीला म्हणाली, "तयार मोदक मिळतात हो, फ्रोजन, बरे असतात." दुसऱ्या गणपतीलाही आणले. एकदा मी म्हटलं, पातोळे कर ना. ती म्हणाली, "माझा हात गेला आता." हळदीच्या कुंड्यांवरची साडी तिने काढून टाकली, त्यांची पानं कधी करपली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

हे सगळं असंच विरून गेलं असतं. मधे साथीची वर्षं आली आणि गेली. आता वर्ल्ड कप तोंडावर आला आहे. टॉवरवर खेळाडूंची मजलेच्या मजले उंच चित्रं लागली आहेत, आमच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांमधून निशाणं लोंबताहेत, आणि मी स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्यांच्या पायाशी हात धरून गार हवा येते का ते तपासतो. अशातच त्याचा मेसेज आला. फोटो होता: म्हातारी, मांडीवर पानांची जुडी. खाली लिहिलं होतं की कारखान्याच्या पिठाचं मुलं खातात, पण सण म्हणून कुणी वाट बघत नाही. आईची जीभ आता मंदावत चालली आहे. या थंडीत बायकांना एकदा नीट करून बघायचं आहे, ती असताना. एका शेतकऱ्याने बेटाचं जुनं भात थोडं पिकवलं आहे. मग शेवटी: "दादा, वहिनींना विचाराल का, तांदूळ कसा वाळवायचा?"

त्याला उत्तर माहीत आहे. केव्हाच माहीत आहे. तरी तो मला विचारतो आहे. मी किती वेळा ती ओळ वाचली. तिच्यात टोमणा शोधला, सापडला नाही, आणि तेव्हाही, लाज वाटते सांगायला, मला पहिला हेवाच वाटला. इतकं चांगलं असणं त्याला जमतं कसं, याचा.

मेसेज आला तेव्हा ती बाहेर गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "कुणाचा?" तिने विचारलं. मी म्हटलं, ऑफिसचा.

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. त्याला मी एक शब्द देणं लागतो: सावलीत. तो थंडीच्या आत पोचला पाहिजे. आणि तिला मी हे सांगणं लागतो की तिचा हात गेला नव्हता, मी तिचा शब्द बदलला होता.